चिंचेने लाळ गळत नाही

संपादक महोदय,

‘चिंच पाहून लाळ गळू लागली’ असे हल्ली सर्रास छापले जाते. खटकते. चिंचेने तोंडाला पाणी सुटते. लाळ गळते ती लहान बाळाची, म्हणून तर गळ्यात लाळेरे. नाहीतर लाळ्या-खुरकूत झालेल्या जनावराची, तारेसारखी लोंबणारी.

हा भेद नुसता भाषेचा नाही. आंबट लागताच कानापुढच्या ग्रंथी जोर धरतात आणि त्यांचा स्राव खरोखरच पाण्यासारखा पातळ असतो. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालाला आतून जीभ लावा. बारीक उंचवटा लागतो, तिथे त्यांची नळी उघडते. जिभेखालच्या ग्रंथींचा स्राव मात्र चिकट, तार धरणारा.

शब्द आला संस्कृत ‘लाला’वरून. मालाची माळ झाली तशी लालाची लाळ: ‘ल’चा ‘ळ’ झाला, शेवटचा आकार गळाला. वैद्यकातल्या ‘लालास्राव’ शब्दात जुने रूप तसेच राहिले आहे.

आणखी एक. लाळ गाळणारा हावरा असतो, लाळघोट्या खुशमस्कऱ्या. तिकिटासाठी ताटकळणाऱ्याला पहिला शब्द लावायचा की दुसरा, हे बातमीदाराने पाहून ठरवावे.

– एक वाचक, सातारा