काठाला माया सोडली आहे

सांगली, विश्रामबाग
रविवार, रात्री

ती. बाबा आणि ती. आई,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलणं होत नाही, म्हणून पत्र. मी विषय काढला की आई रडते, आणि आई रडायला लागली की बाबा "तूच बोल त्याच्याशी" म्हणून फोन तिच्याच हातात देतात. बापूकाकांच्या नातवाने इथून गावी जाऊन काय सांगितलं ते मला आता चौघांकडून चार तऱ्हेने कळलंय. तर आधी एवढं वाचा: नोकरी सोडलेली नाही. कुपवाडला रोज वेळेवर जातो. कर्ज काढलेलं नाही. लग्नाला नकार देण्याचं कारण विमान नाही, ते वेगळं आहे. आणि खोलीत विमानही नाही. विमानाचं सुकाणू आहे, तेही अर्धं.

सुकाणू म्हणजे शेपटीवर उभा असतो तो भाग, ज्याने विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळतं. घरी विमान बांधणारे बरेच जण शेपटीपासूनच सुरुवात करतात. भाग लहान असतो, खोलीत मावतो, आणि चुकलं तर नुकसान थोडं. पंख, धड, इंजिन सगळं नंतर, आपापल्या पेटीत. माझ्याकडे आली ती एकच लांब पेटी. आत ॲल्युमिनियमचे कापलेले पत्रे, दुमडलेल्या फासळ्या, रिपिटांच्या, म्हणजे पत्रे जोडायच्या खिळ्यांच्या, पिशव्या आणि नकाशांची गुंडाळी. घरमालक उघडताना उभे होते. म्हणाले, "एवढ्या पैशात दोन कपाटं आली असती." खोटं नाही बोलले.

हे विमान ख्रिस हाइन्ट्झ नावाच्या इंजिनिअरने काढलं. हा माणूस आधी काँकॉर्डच्या कामावर होता, आवाजापेक्षा वेगाने जाणाऱ्या विमानाच्या. तिथून येऊन त्याने 1986 साली साध्या माणसाला घरी बांधता येईल असं दोन माणसांचं विमान आखलं, सीएच 701. पूर्ण झाल्यावर रिकामं वजन साधारण 263 किलो. बाबा, आपली म्हैस त्याहून जड आहे. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत 27 फूट, म्हणजे तुळशीपासून गोठ्यापर्यंत धरा. त्यामुळे "हॉलमध्ये बांधलं तर दारातून बाहेर कसं काढणार" हा बापूकाकांचा प्रश्न रास्त आहे. सुकाणू निघतं, मोजून घेतलंय. पुढचं काढायची वेळ आली तर शेड बघेन. इथल्या नदीकाठच्या गावभागात स्वस्तात मिळत होती, पण 2019 च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं. वाईच्या घाटावर तुम्ही बघता तेच पाणी इथे येऊन असं वागतं, म्हणून नको म्हटलं.

आता हे आईसाठी. बाबा, वाचून दाखवताना मधे थांबू नका.

आई, तुला वाटतं मी यंत्राच्या नादी लागलोय. मी तुझंच काम करतोय गं. हे विमान शिवायचं असतं.

पत्र्यावर फासळी ठेवायची, रेघ आखायची. रेघ पेन्सिलीने नाही, पेन्सिलीचं ग्रॅफाइट ॲल्युमिनियमला खातं, म्हणून बारीक टोकाचा मार्कर. तुझा खडू मात्र चालला असता असं मला उगाच वाटत राहतं. मग छोटं भोक पाडायचं आणि त्यात लगेच क्लेको घालायचा. क्लेको म्हणजे स्प्रिंगची टाचणी. पक्कडीने दाबली की तिचं टोक बारीक होतं, भोकात घालून सोडली की दोन्ही पत्रे चिमटीत धरून ठेवते. तांबूस रंगाची लहान भोकाला, काळी मोठ्याला. दर थोड्या अंतरावर एक. सगळ्या टाचून झाल्या की सुकाणू साळिंदरासारखं दिसतं.

आणि मग, आई, सगळं उसवायचं! हो. भोकं पुरी मापाची करून झाली की सगळ्या टाचण्या काढायच्या, पत्रे वेगळे करायचे, प्रत्येक भोकाची बर, म्हणजे कडेला उठलेली धार, काढायची, दोन पत्र्यांच्या मधे अडकलेला चुरा पुसायचा, जिथे पत्र्याला पत्रा टेकतो तिथे प्रायमर लावायचा, आणि परत पहिल्यापासून टाचायचं. त्यानंतर रिपीट. पहिल्या दिवशी मला हा शुद्ध वेडेपणा वाटला. कारखान्यात आम्ही असं करायला लागलो तर मालक हाकलून देईल. पण बर राहिली तर पत्रे एकमेकांना घट्ट बसत नाहीत, आणि भोकाची कड खरबरीत राहिली तर हादऱ्याने चीर तिथूनच सुरू होते. ब्लाऊज अंगाला लावून बघायच्या आधी धावदोरा घालून परत सोडायचीस, तेव्हा मला वाटायचं तुला दुसरं काम नाही.

काठापासून किती आत भोक घ्यायचं याचाही नियम आहे. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या काठापर्यंत निदान भोकाच्या दुप्पट अंतर हवं. चार मिलिमीटरचं भोक असेल तर आठ मिलिमीटर. नकाशावर त्याला लांबलचक इंग्रजी नाव आहे. माझ्या वहीत मी 'माया' लिहिलंय, तू शिवणीपलीकडे जास्तीचं कापड सोडतेस तीच.

त्या मायेतच मी चुकलो.

गेल्या महिन्यातला रविवार. फासळीचा दुमड पत्र्याच्या खाली असतो, वरून दिसत नाही, रेघेवर भरवसा ठेवावा लागतो. मी नकाशा उलट्या बाजूने वाचला होता. तीन भोकं पाडली, रिपीटही मारले, आणि मग आतून बोट फिरवलं तर काठ हाताला लागला. मोजलं. पाच मिलिमीटर.

मोबाइलचा दिवा धरून किती वेळ बघत बसलो. बाहेरून काही कळत नव्हतं. रांग सरळ, डोकी एकसारखी. बाजूच्या खोलीतल्या वालचंद कॉलेजच्या पोराला दाखवलं, तो म्हणाला, "चालतंय की." इथे सगळं चालतंय. मीही जेवलो, आडवा झालो. झोप लागली नाही. शेजारच्या काकूंच्या सुनेचा तो जांभळा ब्लाऊज आठवत राहिला. हळदीच्या आदल्या रात्री तू तो पुरा उसवला होतास. बगलेत माया कमी पडली म्हणून. मी म्हटलं होतं, आतून कोण बघतंय. तू काही बोलली नाहीस, मला सुईत दोरा ओवून द्यायला लावलास. आणि बाबांनी पहाटेची गाडी डेपोतून सोडली नव्हती ती गोष्टही आठवली. बाहेर माणसं शिव्या देत होती आणि तुम्ही चाकाखाली आडवे.

पहाटे उठून तिन्ही रिपीट काढले. रिपिटाचं डोकं ड्रिलने अलगद उडवायचं आणि आतली पोलादी दांडी सुंब्याने खाली पाडायची, मूळ भोक जराही मोठं होता कामा नये. बाबा, तुमच्या पेटीतला लहान सुंबा हरवलेला नाही. दिवाळीत मी उचलला होता. फासळी बाद केली. नवी मागवली, ती यायला पाच आठवडे लागले. तेवढे दिवस खोलीत नुसता झाडू मारला.

आता आई विचारते तो खरा प्रश्न. त्यात बसणार कोण?

आज तरी कुणी नाही. परवानग्या मिळेपर्यंत हे पत्र्याचं सामान आहे. आपल्याकडे विमानाला व्हीटीने सुरू होणारा नंबर डीजीसीए हे सरकारी विमान खातं देतं, आणि तो मिळवणं हे सुकाणू बांधण्यापेक्षा अवघड काम आहे. कॅप्टन अमोल यादव तुम्हाला माहीत आहेत, मूळ आपल्याच सातारा जिल्ह्यातले. चारकोपला इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा माणसांचं विमान बांधलं. 2016 ला मुंबईत मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात ते ठेवलं, आणि नोंदणी हातात आली 2017 च्या अखेरीला. त्यांनी तर आराखड्यापासून सगळं स्वतः केलं. मी दुसऱ्याने आखलेलं जोडतोय. मला त्यांच्या ओळीत बसवू नका. (आणि गावात कुणी शिवकर तळपद्यांनी 1895 ला गिरगाव चौपाटीवर विमान उडवल्याचा विषय काढलाच, तर वाद घालू नका. त्या उड्डाणाचा भरवशाचा पुरावा नाही. पण पारावर पुरावा कोण मागतो!)

अमेरिकेत अशी विमानं हजारोंनी उडतात. तिथला नियम मला आवडतो: निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलेलं असलं पाहिजे, आणि बांधून झाल्यावर सुरुवातीचे साधारण 25 ते 40 तास ठरलेल्या हद्दीतच उडवायचं, प्रवासी घ्यायचा नाही. इथे तो दिवस आलाच तर पहिलं उड्डाण मी करणार नाही. ते मुरलेल्या वैमानिकाचं काम. त्यानंतर मी बसेन. आई, हे तुझ्यापासून लपवून ठेवलं तर पत्र लिहिण्यात अर्थ नाही. मला बसायचं आहे. कऱ्हाडच्या धावपट्टीवरून निघून कृष्णेवरून वळावं असं लहानपणापासून मनात आहे, तुमच्याबरोबर गाडीतून जाताना ती धावपट्टी बघितली तेव्हापासून.

राइट बंधूंचं एक सांगतो. 1903 ला त्यांनी उडवलं त्या विमानाचे पंख कापडाचे होते, आणि ते कापड त्यांनी घरी शिलाई मशीनवर शिवलं होतं. मोठा विल्बर मशीनवर तासन्‌तास बसायचा. त्यांच्या वडिलांनी दोघांकडून शब्द घेतला होता की एका विमानात दोघांनी एकदम बसायचं नाही. एक गेला तर एक उरावा. तो शब्द एकदाच मोडला, 25 मे 1910 ला, वडिलांच्याच परवानगीने. आणि त्याच दिवशी म्हातारा स्वतःही धाकट्या ऑर्व्हिलबरोबर वर जाऊन आला. वय 81. बाबा, तुम्ही अजून सत्तरीत आहात. नुसतं सांगून ठेवतोय.

सध्या काम एवढंच आहे: नवी फासळी बसली, डाव्या बाजूचा पत्रा टाचून झालाय, रिपीट मारायचे बाकी आहेत. मारल्यावर आत हात जाणार नाही. त्याआधी कुणीतरी दुसऱ्याने आतून बघायला हवं. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही. कारखान्यातले फोरमन येतो म्हणालेत, पण ते "झकास" म्हणून चहा पिऊन जातील. मला चहा न पिता बघणारी माणसं पाहिजेत.

तर पुढच्या शनिवारी दोघं या. वाईहून सकाळी साताऱ्यात आलात की सांगलीची गाडी मिळेल. कऱ्हाडच्या पुढे आलात की फोन करा, स्टँडवर येतो. बाबा, जवळचा चष्मा आणा, लांबचा नको. आई, तू मोतीबिंदूच्या नव्या डोळ्याने काठ बघायचे. पट्टी इथे आहे. आठ मिलिमीटरपेक्षा कमी दिसलं तर तिथे टिकली लाव, मी उसवतो. गुडघ्यासाठी खुर्ची ठेवली आहे. जेवण मी करणार, त्याबद्दल तक्रार ऐकून घेईन.

तुमचा,
धाकटा

ता. क. बाद झालेली फासळी टाकली नाही. आई, तुझ्या मशीनखाली तेल गळतं तिथे ठेवायला बरी आहे. भोकं तेवढी एका बाजूला ठेव.