अर्धं तिकीट आहे ना, मग उभ्या राहा!

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

पेपरला पत्र पहिल्यांदाच लिहितेय, तेही मोबाईलवर टाईप करून, त्यामुळे काही चुकलंमाकलं असेल तर दुरुस्त करून घ्या. मी कराड-सातारा रोज एसटीने अप-डाउन करते, एका प्रायव्हेट ऑफिसात अकाउंटचं काम बघते, अकरा वर्षं झाली या रूटला. एवढ्या वर्षांत गाडीत सगळं बघून झालंय. खिडकीतून पिचकारी मारायची आणि मागच्याच्या तोंडावर उडाली की वर त्यालाच 'काच लावून घ्यायची की' म्हणायचं, स्पीकरवर रील्स लावून तेच गाणं उंब्रज येईपर्यंत वीस वेळा वाजवायचं, दोघांच्या सीटवर गुडघे फाकवून एकट्यानंच ऐसपैस बसायचं, हे सगळं आता सवयीचं झालंय. पण गेल्या दोन-तीन वर्षांत एक नवीनच सुरू झालंय आणि ते काही केल्या अंगवळणी पडत नाही, म्हणून लिहितेय.

17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, सगळ्यांना माहितीये. त्याआधी मी मासिक पास काढायचे, 20 दिवसांचं भाडं भरायचं आणि 30 दिवस फिरायचं असा तो पास असतो. मग हिशोब करून बघितला तर महिन्यात पंचवीस दिवस जाऊन-येऊन अर्धं तिकीट काढलं तरी साडेबारा दिवसांचेच पैसे जातात, म्हणून पास सोडला. वाचलेल्या पैशात पोरीच्या क्लासची फी बऱ्यापैकी निघते, खोटं कशाला बोलू. पण तेव्हापासून गाडीत पाय ठेवला की कुणीतरी ऐकवणारच. 'आली हाफ तिकिटं', 'बायकांनी एसटी पार भरून टाकली', 'फुल तिकीटवाला उभा आणि हाफवाल्या बसल्यात बघा'. हे बोलणारे ओळखीचे पण नसतात हो, ज्यांना मी जन्मात कधी बघितलेलं नाही असे लोक माझ्या तिकिटावरनं मला बोलतात.

गेल्या महिन्यातल्या सोमवारची गोष्ट सांगते. सकाळी पावणेआठची गाडी, स्टँडवर ही गर्दी. गाडी फलाटाला लागायच्या आधीच निम्मे लोक तिच्याबरोबर पळत सुटले, खिडक्यांतनं रुमाल, पाण्याच्या बाटल्या, पिशव्या आत पडायला लागल्या, एकानं तर चार-पाच वर्षांचं पोरगं खिडकीतनं आत सोडलं आणि 'दोन जागा धर रे' म्हणून ओरडला. (त्या पोराने धरल्याही, पाय लांब करून आडवाच झाला, मोठेपणी नाव काढणार.) मी दारातनं ढकलाढकलीत चढले, पुढे एक सीट दिसली, वरच्या पत्र्यावर 'महिलांसाठी राखीव' लिहिलेलं, त्यातली निम्मी अक्षरं कुणीतरी खरवडलेली. सीटवर आजचा पेपर घडी करून ठेवलेला. आजूबाजूला कुणी नाही. मी पेपर उचलला, मांडीवर घेतला आणि बसले.

दोन मिनिटांनी एक काका आले, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. "ओ बाई, पेपर दिसला न्हाय का? जागा धरलीया म्या." मी म्हणलं, काका, वर राखीव लिहिलंय बघा. तर मोठ्यांदा, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, "अर्धं तिकीट पण तुमालाच, राखीव शिटा पण तुमालाच, आता गाडीच नावावर करून घ्या की!" झालं, गाडी हसली. मागच्या सीटवर एक कॉलेजचा पोरगा बसलेला, कानात इअरफोन, त्याला पण चेव आला, "काका, लाडक्या बहिणी हायत त्या, पंधराशे पण घेत्यात आनी शीट पण." मला ते पंधराशे मिळतात का नाही हे त्याला काय माहीत, पण विचारतो कोण. माझे कान तापले, तोंडातनं शब्द फुटेना. शेजारची बाई हळूच म्हणाली, "जाऊ द्या ताई, रोजचंच आहे."

मग कंडक्टर आले तिकिटं करत. काकांनी बंडीच्या खिशातनं आधार कार्ड काढलं. पंचाहत्तरी पूर्ण! म्हणजे सरकारने 2022 मध्ये आणलेली मोफत प्रवासाची योजना, त्यांना शून्य रुपयांचं तिकीट मिळालं. पोराने पास दाखवला, विद्यार्थ्यांचा. त्या पासला सवलत किती असते माहितीये? 66.67 टक्के. म्हणजे तो भरतो एक तृतीयांश. मी क्यूआर स्कॅन करून अर्धं भाडं दिलं. आता सांगा संपादक साहेब, आम्हा तिघांत सगळ्यात जास्त पैसे कुणी भरले? आणि सगळ्या गाडीदेखत ऐकून कुणी घेतलं? मी अकाउंटचं काम करते म्हणून हा हिशोब लगेच डोक्यात आला, पण बोलले नाही. आता वाटतं बोलायला पाहिजे होतं.

तसं बघायला गेलं तर उरलेले अर्धे पैसे काही बुडत नाहीत, ते राज्य सरकार एसटीला देतं. म्हाताऱ्यांचे देतं, विद्यार्थ्यांचे देतं, तसेच आमचे देतं. आणि सरकारकडे ते कुठनं येतात, आम्ही पण साबणापासून चपलेपर्यंत सगळ्याला टॅक्स भरतोच ना. 25 जानेवारी 2025 ला भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं तेव्हा आमचं अर्धं पण त्याच हिशोबाने वाढलं. पण गाडीत मोफतवाल्या म्हाताऱ्या पुरुषाला 'फुकट्या' म्हणताना मी अजून कुणाला ऐकलं नाही, पासवाल्या पोराला 'ए एक तृतीयांश' म्हणून कुणी हाक मारत नाही. बाईलाच तेवढं 'हाफ तिकीट'.

गर्दी वाढलीये हे मी नाकारत नाही. आधी ज्या बायका माहेरी वर्षातनं एकदा जायच्या त्या आता दोनदा-तीनदा जातात, साताऱ्याला दवाखान्यात एकट्या जातात, बरोबर यायला नवऱ्याची नाहीतर पोराची वाट बघत बसत नाहीत. आमच्या गाडीला अतीतला एक आजी चढतात, बीपीच्या गोळ्या आणायला महिन्यातनं एकदा. त्यांना एकदा एकजण म्हणाला, "म्हातारे, कशाला फिरती रिकामी, घरी बस की." आजीने पदराची गाठ सोडत सोडत त्याच्याकडे न बघताच सांगितलं, "तुज्या आयला सांग जा घरी बस म्हनून, मग मला सांगाया ये." गाडी तेव्हा पण हसली, पण त्या दिवशी आमच्या बाजूने. मला अजून एवढं जमत नाही.

आणि आमच्या बायका काय सगळ्या गरीब गाय आहेत असं पण नाही हां. नागठाण्याला चढणाऱ्या मैत्रिणींसाठी कराडपासनंच तीन-तीन सीटवर रुमाल टाकून ठेवणाऱ्या मी बघितल्यात, मधे कुणी टेकायला गेलं की 'माणूस येतंय' म्हणतात, आणि ते माणूस येतं पंचेचाळीस मिनिटांनी. एक मॅडम तर पर्सला खिडकीची सीट देतात, का तर खाली ठेवली की मळते. रुमाल टाकला की रिझर्व्हेशन झालं हे कुठल्या नियमात बसतं मला ठाऊक नाही, ज्याला सीट पक्की पाहिजे त्याने पैसे भरून आरक्षण करावं की, ती सोय आहेच. पण ज्याचा रुमाल तो मालक, असं सगळ्यांनी मिळून मान्यच करून टाकलंय, आणि राखीव सीटवर बाई बसली की तिथे मात्र कायदे निघतात.

त्या काकांचं पुढचं राहिलंच सांगायचं. ते माझ्या सीटला टेकूनच उभे होते, तोंडाने अजून पुटपुट चालूच. तासवड्याच्या टोलनाक्याच्या पुढे ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला आणि ते पुढे झुकले, दांडा धरलेला हात लटलट कापत होता. मनगट बघितलं तर माझ्या वडिलांसारखं, कातडी लोंबलेली, घड्याळ सैल होऊन कोपराकडे सरकलेलं. मी उठले. खरं सांगू, चढल्या चढल्या जर ते 'पोरी, गुडघं दुखत्यात, बसू का' एवढंच म्हणाले असते तर मी तेव्हाच उठले असते, पेपर टाकायची पण गरज नव्हती. ते बसले. थँक्यू नाही, बघितलं पण नाही, 'पेपर' म्हणून हात पुढे केला फक्त. मी दिला. मागचा पोरगा इअरफोन लावून डोळे मिटून बसलेला, उंब्रजला एक पोटुशी बाई चढली तरी त्याचे डोळे मिटलेलेच, मान तेवढी गाण्याच्या ठेक्यावर हलत होती. शेवटी कंडक्टरनेच त्याला हलवून उठवलं.

आणि साहेब, तो सीटवर टाकलेला पेपर तुमचाच होता. काकांनी चष्मा लावला, मधलं पान उघडलं आणि वाचकांची पत्रं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, एका पत्राला तर 'बराब्बर लिवलंय' पण म्हणाले. म्हणून म्हणते, जागा असली तर माझं पत्र त्याच पानावर छापा, शक्यतो सोमवारी. माझं नाव नाही टाकलं तरी चालेल, त्यांना ओळखू येईल.

आपली,
कराड-सातारा गाडीतली एक रोजची प्रवासी