बरोक कलेविषयी मित्रास पत्र

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

जुन्या गोव्याहून पाठवलेले तुझे पत्र मिळाले. बॉम जेझू चर्चचा उघडा जांभा दगड तुला भावला, पण आतली सोन्याने मढवलेली वेदी पाहून ‘हा भपका कशासाठी?’ असे तू विचारलेस. तुझी तक्रार नवी नाही. त्या वेदीच्या कलाशैलीचे ‘बरोक’ हे नावच मुळी टीकाकारांनी हिणवण्यासाठी वापरले. ओबडधोबड मोत्याला पोर्तुगीज भाषेत ‘बारोको’ म्हणतात, त्यावरून ते आले असे बहुतेक जण मानतात.

या शैलीचा उगम सोळाव्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये झाला. प्रोटेस्टंट सुधारकांनी चर्चमधल्या मूर्तींवर आणि चित्रांवर हल्ला चढवला, तेव्हा 1545 ते 1563 या काळात ट्रेंट येथे भरलेल्या कॅथलिक धर्मपरिषदेने, चित्रांनी निरक्षर भाविकालाही धर्म शिकवावा, अशी भूमिका घेतली. त्यामुळे पाहणाऱ्याच्या काळजाला थेट हात घालणारी कला हवी झाली.

इटालियन चित्रकार काराव्हाज्जोने रोममधल्या सान लुइजी चर्चसाठी 1600 च्या सुमारास रंगवलेले ‘मॅथ्यूला पाचारण’ हे चित्र अशा कलेचा उत्तम नमुना आहे. ख्रिस्त मॅथ्यूला शिष्य होण्यासाठी बोलावतो, तो हा क्षण. अंधाऱ्या खोलीत जकातदार मॅथ्यू आपल्या सोबत्यांसह पैसे मोजत बसला आहे, अंगावर चित्रकाराच्याच काळातले कपडे आहेत, आणि उजवीकडून ख्रिस्ताचा हात पुढे येतो. चित्रात खिडकी आहे, पण उजेड तिच्यातून येत नाही. तो ख्रिस्ताच्या बाजूने तिरपा उतरतो. मला तर हे चित्र पाहताना, आपणच दार उघडून चुकून आत आलो आहोत, असे वाटत राहते.

शिल्पातही हेच घडले. मायकेलँजेलोने घडवलेला बायबलमधला वीर डेव्हिड लढाईआधी स्थिर उभा आहे, तर बरोक शिल्पकार बेर्निनीचा डेव्हिड (1623-24) गोफण फिरवताना कमरेत पिळवटला आहे, ओठ दाताखाली दाबलेले आहेत. पुढे संत तेरेसाच्या शिल्पासाठी बेर्निनीने वर एक खिडकी अशी लपवली, की प्रकाश कुठून पडतो हे खालून कळू नये. बाजूच्या भिंतींवर नाटकाच्या सज्जात बसावेत तसे हे काम करवून घेणाऱ्या कोर्नारो घराण्यातले पुरुष संगमरवरात बसवले. याला नाटकीपणा म्हण, मी नाकारणार नाही. पण हे नाटक आपल्याला प्रेक्षकांत बसू देत नाही.

बॉम जेझूत पुन्हा गेलास तर वेदीवरच्या, जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांच्या मूर्तीची नजर कुठे वळली आहे, ते पाहा. वरच्या किरणांच्या वलयात येशूच्या नावाची अक्षरे आहेत, आणि त्या नजरेमागोमाग आपली मानही आपोआप वर जाते.

तुझा स्नेही