जुने सोलर बंब भंगारात घालू नका

महोदय,

खाऱ्या वाऱ्याने आमच्या रत्नागिरीच्या घरावरच्या सोलर बंबाची टाकी सडली आणि पॅनेल 4 वर्षे गच्चीवर पडून राहिले. भंगारवाल्याचा डोळा तांब्याच्या नळ्यांवर. पण वरची जाड काच नि अ‍ॅल्युमिनियमची चौकट अगदी शाबूत होती. म्हणून त्याची वाळवणाची पेटी केली: नळ्या काढल्या, आतले ग्लासवूल म्हणजे काचतंतूंचा कापूस तोंडाला फडके बांधून पूर्ण साफ केले (त्याचा कण खाण्यात जाता कामा नये), तळाला काळा पत्रा घातला, हवेसाठी खाली-वर भोके पाडून जाळी लावली. यंदा कोकमाची सालं, आंबापोळी त्यातच वाळली. माशी नाही, धूळ नाही, वळवाची सर आली तरी धावाधाव नाही! नगरपरिषदेने असे पडीक पॅनेल गोळा करून महिला बचत गटांना द्यावेत, ही कळकळीची विनंती.

– एक गृहिणी, रत्नागिरी