झोपतोस ना?

देवगड,
७ सप्टेंबर २०२५

चि. नंदू,
अनेक आशीर्वाद.

परवा सूनबाईंचा फोन आला, शेअरबाजारातल्या तुझ्या तोट्याचं कळलं. रकमेबद्दल एक अक्षर लिहायचं नाही, असं तुझ्या आईला कबूल करून बसलोय. विचारायचं एकच आहे. रात्री झोपतोस ना?

ऋषिपंचमीला आरती चालू होती आणि तू पडवीत फोन घेऊन. मला वाटलं, ऑफिसचं काम. २८ ऑगस्टला निफ्टीची एक्स्पायरी होती, म्हणजे सौद्यांची मुदत संपायचा दिवस, बाजार घसरत होता आणि तू कॉल, म्हणजे बाजार चढेल यावरचा सौदा, धरून बसलेला, हे आता कळतंय. अरे, एक्स्पायरीच्या दिवशीचा प्रीमियम, त्या सौद्याची किंमत, म्हणजे मासळीच्या टोपलीतला बर्फ. भाव जागचा हलला नाही तरी तो वितळतोच. ४० रुपये प्रीमियम, ७५ चा लॉट, म्हणजे गठ्ठा, म्हणजे ३,००० रुपये. स्वस्त वाटतं, म्हणून माणूस दहा लॉट उचलतो. भाव पडला की आणखी घेऊन अ‍ॅव्हरेज करतो. साडेतीनला हातात शून्य, वर ब्रोकरेज आणि कर वेगळे. बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीनेच जुलैत सांगितलं, २०२४-२५ मध्ये असले सौदे करणाऱ्या १०० पैकी ९१ जण तोट्यात. आकडेमोडीत आपल्या घरात तुझा हात कोणी धरला नाही, तरी तू त्या ९१ त.

झालं, लागलो व्याख्यान द्यायला. राग मानू नकोस.

पण पतसंस्थेच्या काउंटरवरचं शहाणपण तेवढं घे. वहीत सगळी देणी लिही: कोणाचं, किती, व्याज, हप्त्याची तारीख. सूनबाईंसमोर लिही. सगळी म्हणजे सगळी, मित्रांकडून घेतलेलीही. क्रेडिट कार्ड आधी संपव. त्याचं व्याज महिन्याला पावणेचार टक्क्यांपर्यंत जातं आणि नुसतं मिनिमम ड्यू भरून मुद्दल हलत नाही. ते फेडायला लोन अ‍ॅपकडे जाऊ नकोस. ट्रेडिंगचं अ‍ॅप फोनवरून काढून भागत नाही, दोन मिनिटांत परत येतं. ब्रोकरकडे एफ अँड ओ सेगमेंटच, म्हणजे असल्या सौद्यांची सोयच, बंद करून घे.

आणि इन्कम टॅक्सचं रिटर्न. गेल्या वर्षीचा तोटा आयटीआर-३ मध्ये धंद्याचा म्हणून दाखव. पगारातून वजा होत नाही, पण मुदतीत भरलंस तर ८ वर्षं पुढे ओढता येतो. यंदा मुदत १५ सप्टेंबर आहे, पत्र मिळेल तेव्हा थोडेच दिवस उरलेले असतील. तो तोटा पुढच्या नफ्यातून वळता करायचा म्हणून परत खेळायला बसायचं नाही, हे लिहायची गरज नव्हती. लिहिलं.

तुझे डोळे फार आत गेले होते रे. कणकवलीला गाडीत बसवतानाही विचारायचं राहून गेलं. लहानपणी आंब्याच्या पेटीत पेंढा तू अंथरायचास, आणि एखादं फळ डागी निघालं तर गुपचूप खाली सरकवायचास, वर चांगली. अप्पा ओरडायचे, डाग लागलेलं वर ठेव, नाहीतर अख्खी पेटी जाते. तू रडायचास. मग अप्पाच तुला खांद्यावर घेऊन बंदरावर...

असो. रात्री डोक्यात नको ते आलं तर सूनबाईंना उठव. नाहीतर १४४१६ लाव, टेली मानस, पैसे पडत नाहीत, रात्रीही उचलतात, मराठीत बोलतात. नाहीतर मला. माझा फोन आता उशाशीच असतो.

आईने कुळथाचं पीठ आणि सोलं पाठवली आहेत. बागेचं, घराचं काही मनात आणू नकोस, ते माझं मी बघेन. किती गेले ते मी विचारलेलं नाही, हे आईला सांग.

झिला, झोपतोस काय रे?

तुझा,
बाबा