आंबे उतरले की या

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर सांगायला घेतलं की बाबा "थांब हं, टीव्हीचा आवाज कमी करतो" म्हणून जातात ते परत येतच नाहीत, आणि आई फिरून फिरून "जेवलीस का" वर येते, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढावं. दादाला प्रिंट काढून द्यायला सांगितलंय, अक्षर मोठं ठेव म्हटलंय.

तर विषय तुमच्या नॉर्वेला येण्याचा. बाबांनी तो व्हिडिओ बघितल्यापासून डिसेंबरातच यायचं, रात्री आकाशात दिसणारे ते नॉर्दर्न लाइट्स बघायचे, असा हट्ट धरलाय. बाबा, डिसेंबरात येऊ नका. आढेवेढे न घेता सांगते.

मी राहते त्या बर्गनला डिसेंबरात सकाळी पावणेदहाला उजाडतं आणि दुपारी साडेतीनला दिवेलागण. मधल्या वेळात ऊन पडतं असंही नाही, पाऊसच असतो बहुतेक. इथे वर्षातले दोनशेच्या वर दिवस पाऊस पडतो, म्हणजे आपल्या अलिबागचा कसा चार महिन्यात धो धो कोसळून मोकळा होतो, हा तसा नाही, हा बारा महिने नळ नीट बंद न केल्यासारखा ठिबकत राहतो. आणि तुम्हाला वाटतंय तसा पांढराशुभ्र बर्फ तर नाहीच, समुद्रात गरम प्रवाह आहे त्यामुळे थंडी शून्याच्या आसपास घुटमळते, मग दिवसा पाऊस आणि रात्री त्याचाच रस्त्यावर काचेसारखा थर. लोक बुटांना खिळ्यांचे पट्टे लावून चालतात.

आता एक कबुली देते, ओरडायचं नाही. माझ्या पहिल्या जानेवारीत मी तीन आठवडे व्हिडिओ कॉल केला नव्हता, कॅमेरा बिघडलाय म्हणून सांगितलेलं, तर कॅमेरा बिघडला नव्हता, मनगट मोडलं होतं. घरापाशीच्या उतारावर घसरले, तेही दुधाची पिशवी वाचवायच्या नादात. तेव्हा मी 31 वर्षांची होते, आईचे गुडघे आता 66 वर्षांचे आहेत. पुढे काही बोलत नाही.

बरं लाइट्सचं. बर्गनहून ते क्वचितच दिसतात, त्यासाठी वर उत्तरेला ट्रॉम्सोला जावं लागतं, 69 अक्षांशावर, तिथे नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. ऑफिसातल्या दोघींबरोबर मी फेब्रुवारीत गेले होते. तीन रात्री. पहिल्या दोन रात्री ढग, गाडीवाला ढग नसलेलं आकाश शोधत आम्हाला पार फिनलंडच्या हद्दीपर्यंत घेऊन गेला आणि आम्ही मागच्या सीटवर पेंगत होतो. तिसऱ्या रात्री उणे पंधरात दोन तास उभं राहिल्यावर वर काहीतरी पांढरट दिसायला लागलं, कोणीतरी भस्माची बोटं आकाशावर ओढावीत तसं, मला वाटलं ढगच आहे, पण फोनमध्ये बघितलं तर हिरवंगार. सूर्याकडून आलेले कण शंभर किलोमीटरच्या वर हवेतल्या ऑक्सिजनवर आदळतात त्याचा तो हिरवा रंग, पण अंधारात आपल्या डोळ्याला रंग कमी कळतो, कॅमेऱ्याला जास्त. मग शेवटची चारेक मिनिटं मात्र डोळ्यांनाही हिरवं दिसलं आणि ते हललं, खिडकीतला पडदा वाऱ्याने हलतो ना तस्संच, आणि मी रडले, खोटं कशाला सांगू. पण बाबा, चार मिनिटांसाठी तीन रात्री, आणि तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आत्ता कुठे झालंय. सप्टेंबरच्या शेवटीही दिसतात, तेव्हा थंडी बेताची असते, पण गणपती सोडून तुम्ही याल का हे मी विचारणारच नाही.

आणि एक बोलू का? लाइट्स हे निमित्त आहे. मी दर वर्षी मे महिन्यात या म्हणते आणि दर वर्षी तुम्हाला काहीतरी आठवतं, एकदा गुडघे, एकदा व्हिसा, आता लाइट्स. खरं कारण वाडीतली अकरा कलमं आहेत. आंबे उतरवायचा झेला दुसऱ्याच्या हातात द्यायचा म्हटलं की तुमच्या पोटात गोळा येतो हे मला काय माहीत नाही होय. तर मीच माघार घेते. आंबे उतरवा, अढी लावा, पेट्या जाऊ द्यात, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, तिकडे पाऊस लागता लागता, विमानात बसा. पाच आठवडे राहा.

यात 17 मे हुकणार, एवढंच मला वाईट वाटतंय. 1814 साली त्या दिवशी यांची राज्यघटना झाली, पण सैन्याचं संचलन वगैरे नाही, शाळेतल्या पोरांच्या मिरवणुका, बँड, झेंडे, आणि सकाळपासून आइस्क्रीम खाल्लं तरी कोणी पोरांना ओरडत नाही. बायका पुरुष सगळे बुनाद घालतात, म्हणजे त्यांचा पारंपरिक पोशाख, लोकरीचा, चांदीची बटणं किणकिणतात, आणि प्रत्येक भागाचा वेगळा, त्यामुळे बघणाऱ्याला कोण कुठलं ते कळतं. मी गेल्या वर्षी आईची जांभळी पैठणी नेसले होते, खाली बूट, वर रेनकोट. शेजारच्या आजींनी पदर हातात घेऊन, उलटा करून, टाके बघून विचारलं, हा कुठल्या भागाचा? आता पैठणचा म्हणायचं की अलिबागचा, मी म्हटलं रायगड जिल्हा. त्यांनी मान डोलावली, जसं काही पलीकडच्या डोंगरामागेच आहे.

जूनमध्ये काय, तर उजेड. साडेचारच्या आत सूर्य वर, आणि मावळतो अकराच्या पुढे, त्यानंतरही पूर्ण काळोख होत नाही. आई, देवापाशी दिवा कधी लावायचा हा प्रश्न तुला पडणार आहे हे मला माहितीये, मलाही पडला होता, मी सरळ घड्याळात सात वाजले की लावते, बाहेर लख्ख ऊन असलं तरी. संकष्टीला अलिबागचा चंद्र धरायचा. साडेतीन तासांचा फरक आहे, तिकडे रात्री दहाला चंद्रोदय असेल तर इकडे साडेसहाला तू जेवायला मोकळी. इथल्या चंद्राच्या नादी लागलीस तर उपाशी झोपशील.

गुडघ्यांची काळजी नको, फ्लॉयबानन आहे, 1918 पासून चालू असलेली दोरावरची ट्रेन, गावातून बसलं की काही मिनिटात 320 मीटरवर. वर सगळं बर्गन, बंदर, बेटं दिसतात ती दिसतातच, पण मला तुला बकऱ्या दाखवायच्यात. उन्हाळ्यात तिथे बकऱ्या मोकळ्या चरतात, कुंपण नाही, गुराखी नाही, गळ्यात जीपीएसचा पट्टा, हद्दीजवळ गेली की पट्ट्यातून सूर वाजायला लागतो, चढत चढत जातो, आणि तरी पुढे गेली तर हलका झटका. शहाण्या झाल्यात, सूर ऐकला की तोंड वाकडं करून मागे फिरतात. अगदी आपल्या माईआत्तेसारखं तोंड.

एक दिवस फ्लॉमला जायचं. म्युरडाल स्टेशनवरून, 866 मीटरवरून, ट्रेन 20 किलोमीटरमध्ये जवळजवळ समुद्रापर्यंत उतरते. मध्ये एका धबधब्यापाशी पाच मिनिटं थांबते, आणि उन्हाळ्यात तिथे खडकावर लाल कपड्यातली बाई गाण्यावर नाचते, यांच्या लोककथेतली रानातली हडळ म्हणा. बाबा म्हणतील काय हे नाटक, मलाही तसंच वाटलं, धबधबा पुरेसा होता. खालून नॅरॉयफ्यॉर्डमधून बोट. समुद्राचाच फाटा, पण एका जागी जेमतेम अडीचशे मीटर रुंद, दोन्हीकडून कडे सरळ उभे, आणि त्यावरून पाणी सुटलेलं. माळशेज आठवेल, खरंच आठवेल. फरक एवढाच की हे पाणी पावसाचं कमी आणि वर वितळणाऱ्या बर्फाचं जास्त, म्हणून तर जून म्हणतेय, ऑगस्टपर्यंत यातले बरेच सुतासारखे बारीक होतात.

बाबांसाठी ब्रिगेन. बंदरावरची रंगीत लाकडी घरं, सगळ्या फोटोत असतात, 1702 च्या आगीनंतर पुन्हा बांधलेली. सगळे समोर उभं राहून फोटो काढतात आणि जातात, तुम्ही माझ्याबरोबर मागच्या बोळात चला, भिंती एकमेकींवर रेललेल्या, जमीन तिरकी. ही सुक्या मासळीची कोठारं हो! जर्मन व्यापारी शेकडो वर्षं इथे बसून उत्तरेकडच्या लोफोटेन बेटांवरचा सुका कॉड मासा घ्यायचे आणि धान्य द्यायचे, हे अख्खं शहर सुकटीवर उभं राहिलंय म्हणा ना. लोफोटेनला मी एप्रिलमध्ये गेले होते, समुद्राकाठी लाकडी मांडव आणि त्यावर हजारो मासे, मीठ नाही, काही नाही, नुसता वारा. थंडी फार झाली तर मासा गोठून फाटतो, ऊब आली तर माशा बसतात, शून्याच्या आसपासच राहायला हवं, आणि तिथे नेमकं तसंच असतं. आपल्याकडे बोंबील तोंडात तोंड अडकवून वाळत घालतात ना, इथे मुंडकं काढून शेपटीला शेपटी बांधतात. वास तोच. मी तिथे उभी राहून डोळे मिटले तर थळच्या किनाऱ्यावर होते. मुंडकीही टाकत नाहीत, ती वाळवून नायजेरियाला जातात.

आणि बाबा, तुम्ही कॉलेजात असताना कुष्ठरोग्यांसाठी काम करणाऱ्या बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या छावणीला गेला होतात, तर कुष्ठरोगाचा जंतू 1873 साली इथेच, बर्गनमध्ये हॅन्सन नावाच्या डॉक्टरने शोधला. त्या रोग्यांचं जुनं लाकडी इस्पितळ अजून उभं आहे, आपण बघून येऊ.

23 जूनला समुद्राकाठी शेकोट्या पेटवतात, आपली होळीच, फक्त बोंब कोणी मारत नाही. ब्रुनोस्ट नावाचं तपकिरी चीज मिळतं, चीज करून उरलेलं पाणी खव्यासारखं आटवून केलेलं, चवीला खारवलेला कंदी पेढा. बाबांना आवडणार, आई एक तुकडा खाऊन "बरंय" म्हणणार.

तूप आणि पेढे आणू नका, युरोपबाहेरून दूधदुभत्याचं काही आणता येत नाही. छत्री नको, इथला वारा उलटी करतो, चांगला रेनकोट. व्हिसासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, 30,000 युरोंचा विमा लागतो, तो मी बघते. कॉफी पितापिता रुपयात हिशोब करायचा नाही, एवढं बाबांनी आत्ताच कबूल करावं.

पासपोर्ट कपाटात वरच्या कप्प्यात आहेत, मुदतीची तारीख बघून दादाला सांगा.

आई, मनगट आता एकदम बरंय. पोळ्या लाटते. गोल नाही येत, पण त्या आधीही येत नव्हत्या.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, बोंबील बॅगेत घालू नका. आमच्या बिल्डिंगमध्ये तुमचं स्वागत व्हावं अशी माझी इच्छा आहे.