बाइंडिंगच्या नानांना

आदरणीय नाना,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुमची लेक अजून त्या आश्रमाच्याच संप्रदायातल्या घरात नांदते आहे, तिला माझ्या पत्राचा त्रास नको. पण आभार चारचौघांतच मानायचे होते, कारण माझ्यासाठी तुम्ही बोललात तेही चारचौघांतच.

२०१५ साली मी आश्रमाच्या छापखान्यात ऑफसेट मशीनवर लागलो. काम ओळखीचंच होतं: प्लेट चढवायची, शाई-पाण्याचा मेळ बसवायचा, फर्मा, म्हणजे पुस्तकाच्या पानांचा मोठा कागद, छापून काढायचा. बाकीचं मात्र नवं. फाटकावर मोबाइल जमा, रविवारी सत्संगाला हजेरी, बाहेर कोणाकडे जेवलो याचीही चौकशी. पहिल्याच महिन्यात गळ्यातली तुळशीची माळ काढून त्यांची घालायला सांगितलं. आमच्या घरात आजोबांपासून वारी. तरी भीतीपोटी मी माळ काढून खिशात ठेवली होती, नाना. सकाळी तुमच्या लक्षात आलं. "कामाला हात लागतात, गळा नाही. घाल ती," एवढंच म्हणालात. तुम्ही स्वतः तिथली दीक्षा घेतलेले. म्हणून तर मला धीर आला.

आईला पक्षाघात झाला, तेव्हा रजेसाठी महाराजांची आज्ञा लागेल म्हणाले. दोन दिवस आज्ञा आली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही माझ्या हातात एसटीचे पैसे कोंबलेत आणि फाटकापर्यंत सोबत आलात. मी पोहोचलो तेव्हा आईनं मला ओळखलं.

२०२२ मध्ये राजीनामा दिला. ग्रॅच्युइटी मागितली तर ऑफिसातून उत्तर आलं, तू सेवक होतास, मिळत होतं ते मानधन. मस्टरवर आम्हा चौदाही जणांच्या नावापुढे 'सेवक' असंच लिहिलेलं. मी गप्प बसणार होतो. तुम्ही जॉबकार्डाच्या पाठीवर हिशेब मांडलात: १९७२ चा कायदा, पाच वर्षं पुरी झालेली, वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरायचा. शेवटचा पगार १८,२००, वर्षं सात. ७३,५०० रुपये. आधी आश्रमाच्या ट्रस्टकडे अर्ज, मग नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे ग्रॅच्युइटीचे वाद ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे.

तिथे सगळं अडलं ते मी नोकर की सेवक यावर. तुम्ही पिशवीतून सात डायऱ्या काढल्यात. कोणत्या दिवशी कोणता फर्मा, किती हजार, मशीनवर कोण, रात्री किती वाजेपर्यंत, सगळं तुमच्या बारीक अक्षरात. आणि म्हणालात, "सेवा मी करत होतो साहेब. हा पोरगा नोकरी करत होता."

समोर ट्रस्टची माणसं बसली होती. ज्यांच्या पंगतीत तुम्ही तीस वर्षं जेवलात, ती. त्या दिवसापासून त्यांनी तुमच्याशी बोलणं टाकलं. संक्रांतीला लेकीच्या घरून काकूंना हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही, हे मला फार उशिरा कळलं. काकू, तुमचेही आभार मानतो. त्या साक्षीची किंमत तुम्हीही मोजलीत.

पैसे व्याजासकट आले. आईच्या औषधपाण्याची उधारी फिटली.

डायऱ्या माझ्याकडेच आहेत. दोन डायऱ्यांची शिवण उसवली होती, ती तुम्ही शिकवलेल्या टाक्यानं पुन्हा घातली आहे. एकदा बघून घ्या, दोरा ढिला वाटला तर परत शिवीन. आई आता डाव्या हातानं भाकरी थापते. तुम्ही दोघं जेवायलाच या.

तुमचा,
दिलीप